जर्सी गाईच्या माहेरी पाच वर्षे परक्यांचा अंमल

पहाटे धार काढायला बसता तेव्हा गोठ्यात उभी असलेली ती फिक्या तांबूस रंगाची, मोठ्या काळ्याभोर डोळ्यांची संकरित गाय आठवा. आपण तिला सहजपणे 'जर्सी' म्हणतो. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली संस्था काढली, संकरित गाई गावोगाव गेल्या, आणि जर्सी हे नाव आपल्या बायकापोरांच्या तोंडी रुळले. पण हे नाव मूळचे गाईचे नव्हे. ते एका बेटाचे नाव आहे. थंडीत अंगात घालतो ती लोकरीची जर्सीसुद्धा नावाने तिथलीच.

आपल्या गाईचे हे माहेर दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षे जर्मन फौजेच्या ताब्यात होते. बेटावरची माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. बटाटे लावणारी, गाई पाळणारी, चर्चला जाणारी. त्यांच्या अंगणात एके दिवशी शत्रू येऊन उभा राहिला आणि पाच वर्षे हलला नाही. लढायला त्यांच्याकडे बंदूक नव्हती, पळायला जागा नव्हती. अशा वेळी माणूस काय खातो, काय लपवतो, कुणाला घरात घेतो आणि कुणाकडे पाठ फिरवतो, याची ही हकिकत आहे.

बेटे केवढी, माणसे किती

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत ही बेटे आहेत. त्यांना चॅनेल बेटे म्हणतात. जर्सी सर्वांत मोठे. मोठे म्हणजे केवढे? ११८ चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या तालुक्याचा सातवा-आठवा हिस्सा. गर्न्सी त्याच्या साधारण निम्मे. त्यानंतर आल्डर्नी, सार्क आणि काही चिमुकली बेटे. राजा इंग्लंडचा, पण जर्सीपासून जवळ फ्रान्स. फ्रान्सचा किनारा अवघ्या बावीस किलोमीटरवर.

जर्सीत लवकर येणारा बटाटा पिके, गर्न्सीत काचघरांतून टोमॅटो. दोन्ही माल बोटीने इंग्लंडच्या बाजाराला जाई. शेताला खत म्हणून समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शेवाळ गाड्या भरभरून आणायचे, ही तिथली जुनी रीत. आणि गाय तर घरची लक्ष्मीच. जर्सीने १७८९ साली कायदा करून बाहेरची गुरे बेटावर आणायला बंदी घातली, ती वाण भेसळ होऊ नये म्हणून. १८६६ पासून गाईंची वंशावळ नोंदवहीत लिहू लागले. आपल्याकडे सोयरिकीला कूळ पाहतात, तसे हे गाईचे कूळ.

एका दिवसात घ्यायचा निर्णय

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. लंडनच्या सरकारने ठरवले की ही बेटे लढवण्यात अर्थ नाही. सैन्य काढून घेतले. लोकांना सांगितले, जायचे असेल त्यांनी नावे नोंदवा, बोटी येत आहेत. गर्न्सीत आईबापांना मुलांची नावे द्यायला एका संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली. विचार करून पाहा. शाळेतल्या मास्तरांबरोबर पोराला अनोळखी मुलखात पाठवायचे की आपल्यापाशी ठेवायचे? म्हातारी माणसे, शेत, गोठा टाकून आपणही जायचे की नाही? गर्न्सीतून सुमारे १७,००० लोक गेले. त्यांत जवळपास ५,००० शाळकरी मुले होती. जर्सीतून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. मागे जर्सीत ४१,०००, गर्न्सीत सुमारे २५,००० लोक उरले. आल्डर्नी तर २३ जूनला जवळजवळ ओस पडले.

गुरांचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. आल्डर्नीच्या लोकांनी दावी सोडून दिली आणि बोटी गाठल्या. मागाहून गर्न्सीची माणसे जाऊन मोकाट गुरे घेऊन आली. कुत्र्यामांजरांना खाऊ घालायला मागे कोणी राहणार नाही, म्हणून हजारो पाळीव जनावरे गुरांच्या डॉक्टरांकडून मारून घेतली गेली.

२८ जूनला संध्याकाळी जर्मन विमाने आली. गर्न्सीच्या बंदरावर टोमॅटोच्या पेट्या भरलेल्या मालमोटारींची रांग बोटीत माल चढवण्यासाठी उभी होती. वरून वैमानिकांना त्या लष्करी गाड्या वाटल्या. बॉम्ब पडले तेव्हा काही मोटारवाले जीव वाचवण्यासाठी आपल्याच गाडीखाली शिरले आणि तिथेच गेले. जर्सी आणि गर्न्सी मिळून ४४ माणसे मेली. बेटांवर सैन्य नाही, हे लंडनने तोवर जाहीरच केले नव्हते. दोन दिवसांनी, ३० जूनला, जर्मन गर्न्सीत उतरले. १ जुलैला जर्सी त्यांच्या हातात गेले.

घड्याळ पुढे, गाडी उजवीकडे

पहिल्या दिवसांत जर्मन शिपाई अदबीने वागले. दुकानात जाऊन पैसे मोजून कापड, चहा, साबण, बूट घेत आणि घरी पाठवत. पैसे मात्र त्यांच्या मार्कांचे, दरही त्यांनीच ठरवलेला. थोड्या आठवड्यांत दुकाने रिकामी झाली. दिसायला खरेदी, परिणाम लुटीचा.

मग एकेक हुकूम येऊ लागला. घड्याळे जर्मनीच्या वेळेप्रमाणे एक तास पुढे. रात्री संचारबंदी. १९४१ पासून गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. मोटारी जप्त, घोडे जप्त, चांगली घरे अधिकाऱ्यांना. किनाऱ्यावर सुरुंग आणि काटेरी तार, म्हणजे शेवाळाचे खतही पूर्वीसारखे मोकळेपणी आणता येईना. मासेमारीला परवाना आणि पहारा, कारण होडी हाताशी आली की माणूस इंग्लंडकडे पळेल ही भीती.

बेटाचा रोजचा कारभार मात्र जुन्याच कारभाऱ्यांकडे राहिला. जर्सीत अलेक्झांडर कुटांश, गर्न्सीत आधी ॲम्ब्रोज शेरविल आणि मग जॉन लील. त्यांची स्थिती सुपारीसारखी अडकित्त्यात सापडलेली. जर्मनांचे ऐकले नाही तर लोकांवर संकट, ऐकले तर मनाला टोचणी.

काचघरात भाजीपाला, गिरणीला पुन्हा पाणी

आता शेताकडे वळू. टोमॅटोचा बाजार एका दिवसात बंद झाला. टोमॅटो विकून गहू आणणारे बेट आता स्वतःचा गहू पेरल्याशिवाय जगणार नव्हते. नगदी पिकावर उभा असलेला गाव आणि घरच्या धान्यावर उभा असलेला गाव यांत काय फरक असतो, ते इथे दिसले. काचघरांतून पोटाला लागणारा भाजीपाला निघू लागला. बटाटा बाजाराऐवजी घरच्या ताटासाठी लावला जाऊ लागला. जर्सीत पूर्वजांच्या पाणचक्क्या बंद पडून होत्या. केतिव्हेलची जुनी पाणचक्की दुरुस्त करून पुन्हा पिठासाठी फिरवली गेली. तेल नसल्याने यंत्रे थांबली तिथे जुनी अवजारे माळ्यावरून खाली आली. घरच्या परसात तंबाखूसुद्धा लावली गेली.

गाईचे दूध एकत्र गोळा होई, त्यातून लोणी निघे आणि शिध्याच्या चिठ्ठीवर वाटले जाई. लोण्यासाठी जगात नाव असलेल्या बेटावर माणशी लोणी आठवड्याला दोन औंसांवर, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅमवर आले. जनावरांची मोजदाद होई. डुकरिणीला पिल्ले झाली तरी नोंद करावी लागे. शेतकरी शेवटी शेतकरीच. कुठे एखादे पिल्लू नोंदीबाहेर राही, कुठे गव्हाचे पोते गवताच्या गंजीत जाई. रात्री गुपचूप डुक्कर कापले तर त्याचा आवाज शेजारी जाऊ नये, ही मोठी काळजी.

यात सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते. काळा बाजार जोरात चालला. ज्याच्याकडे जमीन आणि गोठा, त्याचे पोट बरे चालले. शहरात राहणाऱ्या पगारी माणसाचे, म्हाताऱ्या विधवेचे हाल झाले. काही शेतकऱ्यांनी दारी आलेल्याला वाजवी भावाने दूध-बटाटा दिला, काहींनी अंगठ्या आणि घड्याळे घेऊन धान्य विकले. लढाई संपल्यावर गावकऱ्यांनी ही दोन्ही नावे लक्षात ठेवली.

चुलीपाशी

गृहिणींनो, हा भाग तुमचा. चहा संपला तेव्हा काटेरी ब्लॅकबेरीची पाने वाळवून त्यांचा काढा होऊ लागला. गाजर किसून, भाजून त्याचाही चहा. कॉफीसाठी पार्सनिप नावाचे पांढऱ्या गाजरासारखे कंद किंवा ओकची फळे भाजून दळायची. साखर नाही, म्हणून साखरबीट तासन्‌तास उकळून काळसर पाक. बटाटा किसून, पाण्यात निववून खाली बसलेले सत्त्व वाळवायचे आणि त्याचे पीठ वापरायचे. खीर घट्ट करायला किनाऱ्यावरचे एक प्रकारचे शेवाळ उकळून घालायचे. मीठ संपले तेव्हा समुद्राचे पाणी आणून त्यात बटाटे शिजवायचे. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडून आणणे हे पोरांचे काम झाले.

कपड्यांचे तेच. पडद्यांचे झगे, ब्लँकेटचे कोट, बुटांना लाकडी तळ. सायकलच्या धावेवर रबरी टायरऐवजी बागेला पाणी द्यायची नळी बसवलेली. साबण नाही म्हणून खरूज आणि उवा. सरपणासाठी झाडे तुटू लागली. भांडे उकळी येताच गवत भरलेल्या पेटीत गच्च बंद करून ठेवायचे, म्हणजे आतल्या उष्णतेवर ते हळूहळू शिजते. ही गवतपेटी तिथे घरोघर आली. पुढे गॅस बंद पडल्यावर बायका कच्चे कालवण भांड्यात घालून गावच्या पावभट्टीवर नेत आणि शिजल्यावर घरी आणत.

पंचवीस शब्दांचे पत्र

भुकेपेक्षा मोठे दुःख पोरांचे होते. इंग्लंडला गेलेल्या मुलांची खबर रेडक्रॉसच्या छापील कागदावर येई. शब्द जास्तीत जास्त पंचवीस. तो कागद देशोदेशी फिरत यायला महिनेच्या महिने लागत. पाच वर्षांचे पोर आईपासून दूर गेले ते परत आले तेव्हा दहा वर्षांचे होते. काहींना आईचा चेहरा आठवत नव्हता, बोलण्याची ढबही इंग्रजी गावची झाली होती.

जून १९४२ मध्ये सगळे रेडिओ जप्त झाले. बातम्या ऐकणे हा गुन्हा ठरला. तरी लोकांनी एका स्फटिकाच्या खड्यावर आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारे बिनविजेचे छोटे रेडिओ घरी बनवले. कानाला लावायला सार्वजनिक टेलिफोनमधले भाग हळूच काढून आणले. गर्न्सीत काही जण लंडनच्या बातम्या ऐकून पातळ कागदावर टंकलिखित करून हातोहात वाटत. १९४४ साली ते पकडले गेले. त्यांतले चार्ल्स मॅचन आणि जोसेफ गिलिंगहॅम जर्मनीहून परत आले नाहीत. जर्सीत एडमंड ब्लॅम्पीड या चित्रकाराला टपालाची तिकिटे काढायला सांगितली, तर त्याने एका तिकिटाच्या नक्षीत इंग्लंडच्या राजाची आद्याक्षरे बेमालूम गुंफली. जर्मनांच्या डोळ्यांदेखत ती तिकिटे पत्रांवर चिकटत राहिली.

कुंपणाबाहेरची उपाशी माणसे

बेटांवर मोठमोठे बुरूज आणि बोगदे बांधायला हिटलरने हुकूम दिला. त्यासाठी रशिया, युक्रेन, पोलंड, स्पेन, फ्रान्स अशा ठिकाणांहून हजारो मजूर धरून आणले. फाटक्या पोत्यांत, अनवाणी, हाडांचे सापळे झालेली ही माणसे रस्त्याने जाताना बेटवासीयांनी पाहिली. आल्डर्नीवर त्यांच्या छावण्या होत्या. २०२४ साली जाहीर झालेल्या ब्रिटिश चौकशीत तिथे ६४१ ते १,०२७ माणसे मेली असा अंदाज निघाला. रात्री शेतातले सलगम उपटलेले दिसले की शेतकऱ्याला कळे, कोण येऊन गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मुद्दाम भाकरीचा तुकडा ठेवला. अशा मजुराला आसरा देणे हा गुन्हा होता.

जर्सीच्या सेंट ओएन भागात लुइझा गोल्ड नावाची विधवा किराणा दुकान चालवत होती. तिचा एक मुलगा १९४१ साली ब्रिटिश नौदलात लढताना गेला होता. १९४२ च्या अखेरीस फ्योदोर बुरी नावाचा छावणीतून पळालेला तरुण रशियन कैदी तिच्या दारी आला. तिने त्याला घरात घेतले, इंग्रजी शिकवले, 'बिल' हे नाव दिले. माझा गेला, दुसऱ्या आईचा तरी वाचू दे, असा तिचा हिशेब होता. दीड वर्ष तिने त्याला सांभाळले. मग शेजारातून कुणीतरी जर्मनांना पत्र पाठवले. फ्योदोर आधीच निसटला, पण मे १९४४ मध्ये लुइझा पकडली गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुक छावणीत तिला मारण्यात आले. तिच्याबरोबर पकडला गेलेला भाऊ हॅरॉल्ड ल ड्रुइयेनेक बेल्सनच्या छावणीतून कसाबसा जगून परतला. फ्योदोर बुरीही युद्धातून वाचला.

वाचकहो, त्या पत्राचा विचार करा. अशी चुगलीची पत्रे पाच वर्षांत पुष्कळ लिहिली गेली. जुना बांधाचा तंटा, दुकानाचा हेवा, मोबदल्याची आशा, एवढेच कारण पुरत असे. टपाल कचेरीतल्या काही भल्या माणसांनी अशी पत्रे ओळखून बाजूला काढली किंवा पोचायला उशीर केला, तेवढ्यात समोरच्याला सावध करता आले. शत्रूच्या हातात बंदूक होती, पण ती कुणाच्या दाराकडे वळवायची हे कितीदा शेजाऱ्यानेच दाखवले.

मोठ्या खुर्च्यांवरच्या माणसांचीही परीक्षा झाली. ज्यू लोकांची नोंद करण्याचा हुकूम आला तेव्हा गर्न्सीच्या न्यायसभेत सर अब्राहम लेने एकटे विरोधात उभे राहिले. बाकीच्यांनी हुकूम मान्य केला. तेरेझे स्टायनर, ऑगुस्टे स्पिट्झ आणि मारियाने ग्रुनफेल्ड या तीन स्त्रिया एप्रिल १९४२ मध्ये बेटावरून नेल्या गेल्या आणि आउशविट्झला मेल्या. यादी करणाऱ्यांना शेवट ठाऊक नसेलही, पण यादी त्यांनीच केली. त्याच वर्षी सप्टेंबरात आणि पुढच्या फेब्रुवारीत बेटांवर न जन्मलेल्या सुमारे २,२०० ब्रिटिश स्त्री-पुरुष-मुलांना जर्मनीतल्या छावण्यांत पाठवले गेले.

हे सारे वाचताना मनात एक गोष्ट येतेच. १९४२ साली आपल्याकडे 'चले जाव'ची चळवळ पेटली होती, साताऱ्याकडे पोरे भूमिगत होती. ज्या राजाचे राज्य आपल्यावर होते, त्याचीच प्रजा त्या बेटांवर परक्याच्या अमलाखाली रात्री दिवा विझवून बसली होती. चुगलखोर आणि आसरा देणारी माउली, दोघेही तिथे होते, इथेही होते.

शेवटचा हिवाळा

जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. तोफांचे आवाज जर्सीत ऐकू येत होते. लोकांना वाटले, आता सुटलो. पण फौजा बेटांना वळसा घालून पुढे गेल्या. ऑगस्टमध्ये फ्रान्सचे जवळचे बंदर गेले आणि जर्मनांची रसद तुटली. आता शिपाई आणि बेटवासी दोघेही एकाच वेढ्यात अडकले. गॅस संपला. १९४५ च्या सुरुवातीला जर्सीची वीजही गेली. शिपाई रात्री शेतातला बटाटा चोरू लागले, कोंबड्या नेऊ लागले, कुत्री-मांजरी दिसेनाशी झाली. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी ऐटीत दुकाने रिकामी केली, ते आता चिडवणीसारख्या खाजऱ्या पानांचे सूप पीत होते.

२७ डिसेंबर १९४४ ला रेडक्रॉसची 'व्हेगा' ही बोट लिस्बनहून गर्न्सीला लागली आणि दोन-तीन दिवसांनी जर्सीला. माणशी एक खोके. कॅनडा आणि न्यूझीलंडची दुधाची भुकटी, लोणी, डबाबंद मांस-मासे, चॉकलेट. कित्येक लहान मुलांना चॉकलेट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. फेब्रुवारीत पाव संपला. काही आठवडे पाव अजिबात नव्हता. मार्चमध्ये 'व्हेगा'ने पीठ आणले तेव्हा पांढरा पाव पाहून बायका रडल्या. आणि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. उपाशी जर्मन फौजेने ती खोकी लुटली नाहीत. बेटवासीयांचा वाटा बेटवासीयांनाच मिळाला.

दावे सुटले

९ मे १९४५ ला ब्रिटिश सैनिक उतरले. लपवलेली निशाणे बाहेर आली. तो दिवस आजही जर्सी आणि गर्न्सीत सुट्टीचा आणि सणाचा असतो. मुले परतली, पण सगळ्यांना घर लगेच घर वाटले नाही. आल्डर्नीचे लोक डिसेंबरात परतू लागले तेव्हा घरांची दारे आणि जमिनीच्या फळ्यासुद्धा जाळल्या गेल्या होत्या.

आणि गाई? आल्डर्नीचे स्वतःचे एक लहानखुरे, गरीब स्वभावाचे दुभते वाण होते. गर्न्सीत आणलेल्या गाईंचा तिथल्या वाणाशी संकर झाला, आल्डर्नीवर उरलेल्या शिपायांनी कापून खाल्ल्या. ते शुद्ध वाण कायमचे गेले. जर्सीचे वाण मात्र टिकले. पाच वर्षांच्या टंचाईत शेतकऱ्यांनी पैदाशीची जनावरे राखली, वैरणीची तजवीज केली. आपल्या गोठ्यातल्या गाईचे रक्त थेट त्या बेटावरून आले नसेल, दहा देश फिरून आले असेल. तरी तिचे कूळ तेच.

तेव्हा उद्या पहाटे धार काढताना तिच्या पाठीवरून हात फिरवाल, तेव्हा त्या माणसांची आठवण ठेवा. वाण राखणाऱ्यांची, समुद्राच्या पाण्यात बटाटे शिजवणाऱ्या बायांची आणि सेंट ओएनच्या त्या किराणा दुकानदारणीची. वाईट काळ कुणावरही येतो. त्या वेळी शेजाऱ्याला आपल्या घराकडून चुगलीचे पत्र जाते की भाकरीचा तुकडा, एवढे मात्र आपल्या हातात असते.